कमी खर्चात परदेश अभ्यास दौरा : देशाची निवड कशी करावी?



मेळाव्यात पीक-पाण्याचे प्रश्न संपले की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. 'परदेशातील शेती एकदा डोळ्यांनी पाहायची आहे, पण खर्च झेपेल असा देश कोणता?' ठिबक सिंचन आणि हरितगृहांमुळे इस्राएल व हॉलंड ही नावे आपल्या तोंडी बसली आहेत. परंतु तेथील राहणे-जेवण आपल्या मानाने फार महाग पडते. एका हंगामाची शिल्लक आठ दिवसांत संपवावी आणि पाहिलेले आपल्या रानात करता येऊ नये, हा तोट्याचा व्यवहार होय. म्हणून देश ठरविण्यापूर्वी पुढील बाबींचा विचार करावा.

१. खर्चाचे दोन भाग पाडावेत

पिकाचा ताळेबंद मांडताना आपण स्थिर व बदलता खर्च वेगळा धरतो. येथेही तसेच करावे. पासपोर्ट, व्हिसा व विमानाचे तिकीट हा स्थिर खर्च. दोन दिवस राहा वा दहा, तो तेवढाच येतो. खोली, जेवण, तेथील प्रवास व दुभाषा हा रोजचा खर्च.

समजा, 'अ' देशाचे तिकीट २०,००० रुपये व रोजचा खर्च ९,००० रुपये आहे. 'ब' देशाचे तिकीट ३२,००० रुपये, पण रोजचा खर्च ३,५०० रुपये आहे. आठ दिवसांचा हिशेब असा होतो :

'अ' देश : २०,००० + ७२,००० = ९२,००० रुपये
'ब' देश : ३२,००० + २८,००० = ६०,००० रुपये

हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. मात्र तिकिटातील १२,००० रुपयांचा फरक तिसऱ्याच दिवशी भरून निघतो, हे ध्यानात घ्यावे. स्वस्त तिकीट म्हणजे स्वस्त दौरा नव्हे.

चलनावरूनही फसू नये. एका रुपयाला अडीचशेहून अधिक व्हिएतनामी डोंग मिळतात, म्हणून तो देश अडीचशे पट स्वस्त ठरत नाही. एक वेळचे जेवण, एका रात्रीची खोली आणि ५० कि.मी. बस प्रवास यांना किती रुपये पडतात, एवढेच विचारावे.

२. देशाआधी पीक ठरवावे

नेपाळ : भारतीयांना व्हिसा लागत नाही. पासपोर्ट नसल्यास मतदार ओळखपत्र चालते. गोरखपूरपर्यंत रेल्वेने व पुढे सोनौली सीमेवरून रस्त्याने जाता येते. भारतीय १०० रुपयांना नेपाळी १६० रुपये हा दर ठरलेला आहे. डोंगरउतारावरील पायऱ्यांची शेती आणि मोठी वेलची पाहण्यासाठी घाटमाथ्यावरील शेतकऱ्यांना हा देश योग्य आहे.

श्रीलंका : हा देश महाराष्ट्राच्या सुमारे एक पंचमांश आहे, त्यामुळे अंतर्गत प्रवास कमी पडतो. नारळ, चहा व दालचिनी ही येथील मुख्य पिके. 'कोकण तेज' दालचिनी लावणाऱ्या बागायतदारांनी तेथील साल काढण्याची पद्धत जरूर पाहावी. सन २०२१ मध्ये तेथे रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी बंदी आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती उठवावी लागली. त्या काळात भाताचे काय झाले, हे तेथील शेतकऱ्यांनाच विचारावे. सेंद्रिय शेतीकडे टप्प्याटप्प्याने का वळावे, याचे उत्तर तेथे मिळेल.

थायलंड : आंब्याच्या फळांना कागदी पिशव्या घालणे, प्रतवारी व बांधणी या गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. बँकॉकच्या उत्तरेस पथुम थानी येथील 'तलाद थाई' हा मोठा घाऊक बाजार पाहावा.

व्हिएतनाम : ड्रॅगन फ्रूटसाठी फान थिएतचा परिसर, रोबस्टा कॉफीसाठी बुओन मा थुओत आणि बाग, तळे व गोठा यांची सांगड घातलेल्या मिश्र शेतीसाठी मेकाँग खोरे पाहावे.

३. हंगाम जुळवावा

ड्रॅगन फ्रूटला दिवस लहान झाले की फुले येत नाहीत. म्हणून फान थिएतकडील बागांत हिवाळ्यात रात्री दिवे लावून बिगरहंगामी फळ घेतात. आपल्याकडील तोडणी नोव्हेंबरपर्यंत संपते. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत आपण मोकळे असतो आणि तेथे दिवे चालू असतात. किती रात्री, किती तास दिवे लावतात, वीज काय दराने मिळते आणि त्या फळाला भाव किती जास्त मिळतो, हे लिहून आणावे. तरच आपल्या वीजदरात ते परवडेल की नाही हे कळेल.

याउलट थायलंडमध्ये चांथाबुरीकडील डुरियन व मँगोस्टीनचा मुख्य हंगाम मे-जूनमध्ये, म्हणजे आपल्या पेरणीच्या तोंडावर येतो. फक्त त्यासाठी पेरणी सोडून जाऊ नये. दिवाळी, नाताळ व मे महिन्याच्या सुटीत तिकिटे महाग असतात, तेही टाळावे.

४. पूर्वतयारी

(अ) पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी.
(ब) व्हिसाचे नियम वारंवार बदलतात. तिकीट काढण्यापूर्वी त्या देशाच्या दूतावासाची माहिती पाहावी.
(क) एकाच पिकाच्या सहा ते आठ शेतकऱ्यांचा गट करावा. वाहन व दुभाष्याचा खर्च विभागला जातो.
(ड) प्रवास विमा टाळू नये. परदेशातील एका आजारपणात सर्व बचत जाऊ शकते.
(इ) कृषि विभागाच्या परदेश अभ्यास दौरा अनुदानाची चौकशी तालुका कृषि अधिकाऱ्यांकडे करावी.

५. येताना काय आणू नये

चांगले वाण दिसले की काडी पिशवीत टाकण्याचा मोह होतो. असे मुळीच करू नये. आयात परवाना व तेथील पीक आरोग्य प्रमाणपत्र यांशिवाय रोपे, काड्या वा बियाणे आणणे बेकायदेशीर आहे. केळीच्या पनामा मर रोगाची टी.आर.४ ही घातक जात मातीतूनही पसरते आणि आग्नेय आशियात ती आहे. परतण्यापूर्वी बूट स्वच्छ धुवावेत. बुटाला चिकटलेली चिमूटभर माती सबंध गावाच्या बागांना महाग पडू शकते.

शेवटी, निघण्यापूर्वी एका कागदावर पाच प्रश्न लिहावेत. त्यांची उत्तरे आपल्या जिल्ह्यात किंवा कृषि विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर मिळत असतील, तर तेथेच आधी जावे. जी उत्तरे येथे मिळत नाहीत, ती जेथे कमी खर्चात मिळतील तोच आपल्यासाठी योग्य देश समजावा.