ऑटोमॅटिक मेसेज अचानक बंद पडले? आधी साखळी कुठे तुटली ते शोधा



आज बऱ्याच शाळांमध्ये गैरहजेरीची सूचना आपोआप जाते. वर्गशिक्षक सकाळी गूगल फॉर्म भरतात, माहिती गूगल शीटमध्ये उतरते, शीटला जोडलेली अ‍ॅप्स स्क्रिप्ट चालते आणि पालकांना ईमेल जातो. सोय छान आहे, पण यात एक धोका आहे. ईमेल आला नाही की पालक समजतात, "मूल शाळेत पोचलं." प्रत्यक्षात यंत्रणाच बंद असेल तरीही ईमेल येत नाही. शांततेचे असे दोन अर्थ होतात आणि बाहेरून ते सारखेच दिसतात. म्हणून हा बिघाड पटकन शोधता आला पाहिजे.

"काल तर चालू होतं, आज काय झालं?" हा सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो. स्क्रिप्ट सहसा स्वतःहून बिघडत नाही, तिच्या आजूबाजूचे काहीतरी बदललेले असते. त्यामुळे लगेच कोड खोडायला घेऊ नका. फॉर्म, शीट, ट्रिगर, स्क्रिप्ट, ईमेल ही साखळी एकेक कडी करून तपासा.

१. शीटमध्ये आजची ओळ आली आहे का?
नसेल तर स्क्रिप्टचा दोष नाही. जूनमध्ये आपण मागच्या वर्षीच्या शीटची कॉपी करतो. तेव्हा तिला जोडलेल्या फॉर्मचीही कॉपी तयार होते. पण शिक्षकांच्या ग्रुपवर लिंक जुन्याच फॉर्मची फिरत असते! मग माहिती जुन्या शीटमध्ये जाते आणि नवी रिकामी राहते. फॉर्म प्रतिसाद स्वीकारतोय ना, हेही बघा.

२. ओळ आली, पण स्क्रिप्ट चालली का?
शीटच्या 'एक्स्टेन्शन्स' मेनूतून अ‍ॅप्स स्क्रिप्ट उघडा. डावीकडे घड्याळाच्या चिन्हाखाली ट्रिगर दिसतात. शीटची कॉपी केल्यावर कोड सोबत येतो, पण आपण बसवलेला ट्रिगर येत नाही. तो नव्याने बसवावा लागतो. दुसरी गोष्ट म्हणजे ट्रिगर ज्याने बसवला त्याच्याच खात्यावरून चालतो आणि दुसऱ्याच्या खात्यातून तो दिसत नाही. त्या शिक्षकांची बदली झाली आणि त्यांचं खातं बंद झालं किंवा शीटवरचा त्यांचा अधिकार काढला, तर काम थांबतं.

३. चालली, पण अडखळली का?
तिथेच 'एक्झिक्युशन्स' नावाची यादी असते. प्रत्येक वेळी स्क्रिप्ट कधी चालली, पूर्ण झाली की फसली, हे त्यात लिहिलेलं असतं. फसलेल्या ओळीवर क्लिक करून संदेश नीट वाचा. दोन कारणे नेहमीची आहेत.

पहिले कारण रचनेतला बदल. कोणीतरी फॉर्ममधला 'हजेरी क्रमांक' हा प्रश्न बदलून 'रोल नंबर' केला, किंवा शीटमध्ये मध्येच एक रकाना घातला. आपल्याला अर्थ कळतो, पण स्क्रिप्ट नेमके नाव किंवा नेमका रकाना शोधते.

दुसरे कारण मर्यादा. साध्या जीमेल खात्यावरून अ‍ॅप्स स्क्रिप्टने दिवसाला १०० जणांनाच ईमेल पाठवता येतो. इथे ईमेल नाही, माणसे मोजली जातात. समजा रोज २० मुले गैरहजर असतात. आई-वडील दोघांना पाठवले तर ४० होतात, काम भागते. पण मुसळधार पावसाच्या दिवशी ६० मुले आली नाहीत तर १२० होतात आणि शेवटच्या २० जणांना काहीच जात नाही. म्हणजे गरज जास्त असते त्याच दिवशी यंत्रणा थांबते.

४. यादीत 'पूर्ण' दिसतंय, तरी ईमेल नाही?
मग पत्ता तपासा, पालकांना स्पॅम फोल्डर बघायला सांगा. ज्या खात्यावरून पाठवतो त्याच्या इनबॉक्समध्ये परत आलेले ईमेल आहेत का, तेही बघा.

दुरुस्तीनंतर
चाचणी स्वतःच्या पत्त्यावर घ्या. घाईघाईत सगळ्यांना पुन्हा पाठवलं तर काहींना दोनदा जाईल आणि गोंधळ वाढेल. ट्रिगर नव्याने बसवला तरी मधल्या काळातल्या ओळींचे ईमेल आपोआप जात नाहीत. त्या पालकांना सरळ फोन करा.

पुन्हा असे होऊ नये म्हणून
- शीटमध्ये 'पाठवले' असा रकाना ठेवा आणि ईमेल गेल्यावर स्क्रिप्टलाच त्यात वेळ लिहायला लावा.
- ट्रिगर शाळेच्या सामाईक खात्यावरून बसवा.
- रोज ठरलेल्या वेळी मुख्याध्यापकांना एक ईमेल जाऊ द्या: "आज गैरहजर इतके, ईमेल गेले इतके." आकडा शून्य असला तरी तो गेलाच पाहिजे. ज्या दिवशी तो आला नाही, त्या दिवशी लगेच कळेल की यंत्रणा बंद आहे.

पालकांनाही एक विनंती. सूचना आली नाही म्हणजे मूल शाळेत आहेच, असे धरून चालू नका. शंका आली तर शाळेत फोन करा. आणि शिक्षकांनो, यंत्र आपलं काम हलकं करतं, पण ते चालू आहे की नाही हे रोज बघणं आपल्याकडेच राहतं.