काळा कातळ आणि काळी माती

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेस पारसिकची डोंगररांग पसरली आहे. तुर्भे येथे या डोंगराचा दगड फोडून खडी काढण्यात आली. त्या खाणींत जो काळाकरडा पाषाण उघडा पडलेला दिसतो, तो बेसॉल्ट होय. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून आलेल्या लाव्हारसापासून दख्खनचा हा कातळ घडू लागला. आज महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भूभाग याच खडकाने व्यापलेला आहे.

ज्वालामुखी म्हटला की धुमसणाऱ्या शंकूसारखा पर्वत डोळ्यांसमोर येतो. दख्खनमध्ये मात्र जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा बाहेर पडला व सपाटीवर दूरवर पसरला. एक थर थंड झाल्यावर काही काळाने त्यावर दुसरा थर आला. सह्याद्रीच्या कड्यांत आढळणाऱ्या पायऱ्या या अशा थरांच्याच आहेत. झीज होऊनही हा खडक आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर शिल्लक आहे.

हवामानावरील परिणाम

लाव्हा जेथे पोहोचतो तेथेच जाळतो. त्याबरोबर निघणारे वायू मात्र दूरवर पसरतात. गंधकयुक्त वायूंपासून वातावरणात सूक्ष्म कण तयार होतात. ते सूर्यप्रकाश अडवितात आणि हवामान थंड होते. फिलिपाइन्समधील पिनाटुबोच्या १९९१ च्या उद्रेकानंतर पृथ्वीचे सरासरी तापमान काही काळ सुमारे अर्ध्या अंशाने उतरले होते. आइसलँडमध्ये १७८३ साली लाकी येथे भेगेतून झालेला उद्रेक आठ महिने चालला. विषारी वायूंनी कुरणे दूषित झाली, निम्म्याहून अधिक गुरे दगावली आणि त्यानंतरच्या दुष्काळात तेथील सुमारे एक-पंचमांश लोकसंख्या मृत्युमुखी पडली.

दख्खनचे उद्रेक यापेक्षा अनेक पटींनी मोठे होते आणि ते लक्षावधी वर्षे थांबून थांबून चालू राहिले. त्याच सुमारास डायनोसॉर नष्ट झाले. मेक्सिकोत कोसळलेला प्रचंड अशनी हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते. दख्खनच्या वायूंचा त्यात वाटा किती, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत.

उद्रेकांच्या मधल्या शांत काळात मात्र जीवसृष्टी पुन्हा रुजत असे. मुंबईत वरळी येथे लाव्हाथरांच्या दरम्यान साचलेल्या गाळात लहान बेडकांचे जीवाश्म सापडले असून १८४७ साली त्यांचे शास्त्रीय वर्णन करण्यात आले. लाव्हाच्या प्रदेशातही तळी भरत होती व जीव नांदत होते, याचा हा पुरावा होय.

कातळाची देणगी

हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळलेले पावसाचे पाणी बेसॉल्टची हळूहळू झीज करते. यातून हवेतील काही कार्बन बांधला जातो आणि खडकाची माती होते. पठारावर तिची ओल धरून ठेवणारी काळी कसदार जमीन झाली. कोकणच्या मुसळधार पावसात त्याच खडकापासून जांभा आणि तांबडी माती निर्माण झाली. तुर्भे-वाशी परिसरातील मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात नाशिक-पुण्याकडून येणारा कांदा बव्हंशी या कातळाच्याच मातीत पिकतो.

पाण्याच्या बाबतीत मात्र हा खडक कृपण आहे. अखंड बेसॉल्टमध्ये पाणी मुरत नाही. ते भेगा, सच्छिद्र थर व झिजलेला मुरूम यांतच साठते. म्हणूनच शेजारशेजारच्या दोन विहिरींपैकी एकीला पाणी लागते आणि दुसरी कोरडी राहते. विहिरीची जागा ठरविण्यापूर्वी भूजल सर्वेक्षणाचा सल्ला घेणे यासाठीच हिताचे ठरते.

उद्रेकाने काही महिन्यांत जे उद्ध्वस्त होते, त्याची माती होण्यास हजारो वर्षे लागतात. तीच माती बांध नसलेल्या शेतातून एका पावसाळ्यात वाहून जाऊ शकते, आणि फोडलेला डोंगर तर पुन्हा उभा राहत नाही. पंचायतींनी बांधबंदिस्ती व वृक्षलागवडीची कामे हाती घेताना, तसेच शिक्षकांनी विद्यार्थ्यांना गावचा कातळ दाखविताना, हा हिशेब ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.