परवाना आला, आता कोणतं घेऊ?

कलेक्टर कचेरीतून शस्त्रपरवाना हातात पडला की माणूस दोन फोन करतो. एक बायकोला आणि दुसरा ज्याच्याकडे आधीपासून हत्यार आहे अशा ओळखीच्याला. सांगलीत माझी हळदीची अडत आहे आणि राहायला आम्ही गावाबाहेर मळ्यात, त्यामुळे तो दुसरा फोन आमच्या भागात बऱ्याचदा मलाच येतो. प्रश्न ठरलेला असतो. ‘‘अण्णा, रिव्हॉल्व्हर घेऊ का पिस्तूल?’’ मी उलट विचारतो, ‘‘रात्री ठेवणार कुठं?’’ यावर बहुतेकांकडे उत्तर नसतं, कारण सगळ्यांच्या डोक्यात चोर समोर उभा असतो आणि आपण नेम धरलेला असतो.

तो क्षण बहुधा कधीच येत नाही. रोज येतात ती साधी कामं. कपाटातून काढायचं, कमरेला लावायचं, गाडीत बसता-उठताना सावरायचं, घरी आल्यावर रिकामं करायचं, कुलपात ठेवायचं. वर्षानुवर्षं हेच करायचं, दमलेलं असताना, वीज गेलेली असताना, घरात पाहुण्यांची पोरं खेळत असताना. हत्यार निवडायचं ते या कामांसाठी, असं माझं मत आहे. किती दूर मारतं आणि किती जोरात मारतं हे नंतर बघावं.

निवडीला तसा फारसा वाव नाही. ९ मिलिमीटर हे आपल्याकडे निषिद्ध बोअर आहे, त्यामुळे सिनेमात दिसतात ती पिस्तुलं तुमच्याआमच्यासाठी नाहीत. सर्वसामान्य परवानाधारकाची धाव .३२ बोअरपर्यंत. त्यात कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं रिव्हॉल्व्हर सगळ्यात जास्त दिसतं. मधून मोडून उघडणारं, सहा काडतुसांचं. कोलकात्यातल्या काशीपूर कारखान्याचं ‘अशनी’ हे पिस्तूल. २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून गाजावाजा करून आणलेलं ‘निर्भीक’ हे अर्ध्या किलोच्या आसपासचं हलकं रिव्हॉल्व्हर. २०२१ मध्ये आयुध कारखान्यांच्या कंपन्या झाल्या, त्यानंतर २०२३ मध्ये ‘प्रबल’ आलं, त्याचं सिलिंडर बाजूला उघडतं. उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यात वेब्ली अँड स्कॉटच्या नावाची रिव्हॉल्व्हरंही आता तयार होतात.

आणि मग जुना इंपोर्टेड माल. ऐंशीच्या दशकापासून सामान्य माणसाला परदेशी हत्यार आयात करता येत नाही. म्हणजे त्याआधी आलेली जी काही वेब्ली, वॉल्थर देशात आहेत, तीच या हातून त्या हातात फिरतात आणि प्रत्येक फेरीत महाग होतात. मला एका दुकानदाराने असंच एक जुनं रिव्हॉल्व्हर मोठ्या प्रेमाने दाखवलं होतं. हस्तिदंती मूठ, निळसर पॉलिश. किंमत नव्या कानपुरीच्या कितीतरी पट. ‘‘लग्नाकार्यात नुसता कोट जरा मागं सारला तरी पुरे,’’ असं तो म्हणाला. खरं तर त्याने मला काय घेऊ नये हेच सांगितलं.

त्या रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरची सगळी घरं रिकामी आहेत याची खात्री करून मी घोडा पूर्ण खाली असताना अंगठ्याने तो पुढे दाबला आणि आत पाहिलं. पिनचं टोक काडतुसाच्या जागेत डोकावत होतं. याचा अर्थ असा की ते भरलेलं असताना हातातून घोड्यावर पडलं, तर फरशीच चाप ओढण्याचं काम करणार. नव्या बनावटीत घोडा आणि पिन यांच्यामध्ये एक अडसर असतो. चाप पूर्ण मागे ओढल्याशिवाय घोड्याचा मार पिनपर्यंत पोचतच नाही. घेताना हे दुकानदाराकडून समजून घ्या, रिकाम्या हत्यारावर स्वतः बघा. त्याला सांगता आलं नाही तर दुसरं दुकान गाठा. १ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिनेते गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली. कपाटात ठेवताना ते हातातून निसटलं, असं त्यांनी सांगितल्याचं सगळ्या वर्तमानपत्रांत आलं. त्या दिवशी लोक हसले, विनोद फिरले. ज्यांच्या घरी हत्यार आहे त्यांच्यातलं मात्र कुणी हसल्याचं मला आठवत नाही.

जुन्या बनावटीचं वडिलोपार्जित रिव्हॉल्व्हर असेल तर घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचं, सहाऐवजी पाचच भरायची. पण यातही एक गैरसमज आहे आणि तो फार लोकांचा आहे. त्यांना वाटतं, घोड्याखाली रिकामं घर आहे म्हणजे पहिल्यांदा चाप ओढला तर नुसता टक्क आवाज येईल. तसं होत नाही. घोडा मागे जाताना सिलिंडर एक घर फिरतं आणि भरलेलं काडतूस समोर येतं. रिकामं घर पडल्या-आपटल्यापासून वाचवतं, चापावर गेलेल्या बोटापासून नाही.

पिस्तुलाची गोष्ट वेगळी आणि माझ्या मते अधिक घातकी. ते चपटं असतं, शर्टाखाली उठून दिसत नाही, म्हणून अंगावर बाळगणाऱ्याला ते आवडतं. माझ्या मेव्हण्यालाही आवडलं. हिशेबी माणूस, दुचाकीवरसुद्धा हेल्मेटचा पट्टा ओढून बघणारा. एका रात्री जेवणाआधी तो पिस्तूल रिकामं करायला बसला. आधी स्लाइड मागे ओढली, आतलं काडतूस टुणकन उडून टेबलावर पडलं. मग मॅगझिन काढलं. काडतूस डोळ्यांनी बाहेर पडलेलं पाहिलं होतं, मॅगझिन हातात होतं, त्यामुळे घोडा उतरवायला त्याने बिनधास्त चाप ओढला. गोळी फ्रीजच्या दारातून आत गेली आणि ताकाच्या भांड्यात थांबली. माझी बहीण पाण्याची बाटली काढून नुकतीच बाजूला झाली होती.

दोन्ही कामं त्याने केली होती, फक्त उलट्या क्रमाने. मॅगझिन आत असताना स्लाइड मागे ओढली की एक काडतूस बाहेर पडतं आणि हात सुटताच दुसरं वर सरकून चेंबरमध्ये बसतं. म्हणून आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड दोनतीनदा ओढायची, मग ती मागे अडकवून चेंबर बघायचं, अंधार असेल तर करंगळी घालून चाचपायचं. या सगळ्या वेळात नळी कुठल्या दिशेला आहे? आमच्या घरी त्यासाठी वाळूने भरलेली एक बादली कोपऱ्यात असते. रिकामं करणं, भरणं, जे काय करायचं ते नळी त्या बादलीकडे करून. पाहुण्यांना ती झाडाची कुंडी वाटते.

बहिणीच्या घरचा तो बार पोलीस ठाण्यात कळवावा लागला, हत्यार जमा झालं, प्रत्येक काडतुसाचा हिशेब झाला. मेव्हण्याने नंतर पिस्तूल विकलं. त्याच्या जागी रिव्हॉल्व्हर असतं तर? कानपुरी रिव्हॉल्व्हर मधून उघडलं की सहाच्या सहा काडतुसं वर उचलली जातात आणि रिकामी घरं समोर दिसतात. लपून राहणारं काही नाही. म्हणूनच, जो माणूस वर्षातून एकदोनदाच हात लावणार आहे त्याला मी रिव्हॉल्व्हरच सांगतो. नियमित सराव करणाऱ्याने पिस्तूल घ्यावं, पण तसे लोक मला फोन करत नाहीत.

सरावाचीही अडचणच आहे. आमच्या शेजारच्या कोल्हापूरने राही सरनोबत, स्वप्निल कुसाळे यांच्यासारखे नेमबाज दिले, पण क्लबांमध्ये चालतात त्या एअर आणि .२२च्या बंदुका. .३२ चालवू देणारी रेंज शोधावी लागते आणि परवान्यावर काडतुसांची संख्या मर्यादित असते. तरीही हत्यार घ्यायच्या आधी, जमेल तिथून, तसलं हत्यार चालवून बघा. घोडा आधी न चढवता चाप ओढायला बोटात किती ताकद लागते हे दुकानातल्या काउंटरवर कळत नाही. ‘हलकं आहे, बाईमाणसाला बरं’ हे तर मला कधीच पटलं नाही. वजन हलकं असलं तरी चाप हलका नसतो, आणि हलक्या हत्याराचा झटका उलट जास्तच बसतो.

काडतुसं मागताना नुसतं ‘बत्तीसची द्या’ म्हणू नका. रिव्हॉल्व्हरला लांब, कडा असलेलं .३२ एस अँड डब्ल्यू लाँग लागतं, पिस्तुलाला आखूड ७.६५ मिलिमीटरचं. बोअर एकच सांगितलं जातं म्हणून घोटाळा होतो. काडतुसाच्या बुडावर केएफ असा शिक्का दिसला तर ते आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातलं.

आता घराच्या संरक्षणाचं. परवाना माणसाचा असतो, घराचा नव्हे. मी बाजार समितीत असताना मळ्यात चोर शिरला तर माझ्या बायकोने माझं रिव्हॉल्व्हर काढणं कायद्यात बसत नाही, तिच्या नावाने वेगळी परवानगी लागते. ‘घरच्यांच्या रक्षणासाठी’ म्हणून किल्ली देव्हाऱ्यात ठेवणारे मी पाहिलेत. तिथून ती कुणाच्या हाती लागेल याचा नेम नाही. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार हत्यार सुरक्षित ठेवण्याची हमी आपण लिहून दिलेली असते, तेव्हा जबाबदारी आपल्यावरच येते. माझ्याकडे भिंतीत पक्की बसवलेली छोटी तिजोरी आहे, काडतुसांचा डबा वेगळ्या कुलपात, आणि किल्ली माझ्या करगोट्याला.

मग रात्री खुट्ट झालं तर? आधी बाहेरचे दिवे, मग ११२. आमच्याकडे या सगळ्याच्या आधी कुत्री असतात आणि त्यांना परवाना लागत नाही. .३२ची गोळी प्लायवूडचं पार्टिशन, साधं दार सहज पार करते, आणि पलीकडच्या खोलीत आपलीच माणसं झोपलेली असतात. अंधारात समोर कोण आहे हे बॅटरीने दिसल्याशिवाय बोट चापावर जाता कामा नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खासगी बचावाचा हक्क आहे, रात्री घर फोडून आत शिरणाऱ्याविरुद्ध तो बराच दूरवर जातोही. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची मुभा तो देत नाही. पळत सुटलेल्या चोराच्या पाठीत गोळी घातली तर गरज कुठं होती हे तुम्हाला कोर्टात सांगावं लागेल.

अंगावर बाळगायचं असेल तर चाप पूर्ण झाकणारं चांगलं होल्स्टर घ्या. लाखाचं हत्यार आणि दोनशे रुपयांचं कापडी कव्हर ही जोडी मला फार ठिकाणी दिसते. पँटच्या खिशात तर बिलकूल नको. चारचौघांत काढून दाखवायचं नाही. शस्त्र कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर वरातीत हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद आहे. बँक, कोर्ट, मॉल कुठंच आत नेता येत नाही, मग ते गाडीच्या डॅशबोर्डमध्ये राहतं आणि काच फुटली की चोराच्या हाती. ज्या दिवशी अशी कामं आहेत त्या दिवशी मी ते घरी ठेवतो. मिरजेहून कर्नाटकातलं कागवाड म्हणजे चहाला जाण्याइतकं अंतर, पण परवाना महाराष्ट्रापुरता असेल तर तेवढ्यातही गुन्हा होतो. निवडणूक लागली की जमा करायची नोटीस येते, तेव्हा पावती घ्या आणि फोटो काढून ठेवा. ग्लास हातात घ्यायचा असेल तर हत्यार आधी कुलपात, यावर मी वाद घालत नाही.

आणखी एक गोष्ट नवीन घेणाऱ्याला सुचत नाही. आपल्यामागे याचं काय? परवानाधारक गेला की घरच्यांनी हत्यार ताबडतोब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायचं असतं. दुखवट्याच्या दिवसांत ते कुणाच्या लक्षात येत नाही, आणि बिनपरवान्याचं हत्यार घरात पडून राहतं. धारकाने सत्तरी गाठली किंवा हत्यार बाळगून पंचवीस वर्षं झाली, तर त्याच्या हयातीतच वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. माझी सत्तरी जवळ आली आहे. मुलाला विचारलं, त्याला नको आहे. मुलीने होय-नाही केलेलं नाही. तिने नाही म्हटलं तर दुकानदाराला देऊन टाकायचं, कागद तयार ठेवलेत. निम्मीही किंमत येणार नाही हे त्याने आताच सांगितलंय.