आधी कॅबिनेट उघड

छत्रपती संभाजीनगर

चि. सोनूस,


दादाचा, तुझ्या बाबांचा, काल फोन आला होता. घरचा कॉम्प्युटर चालू व्हायलाच इतका वेळ घेतो की तू बटण दाबून स्वयंपाकघरात जाऊन येतेस, असं म्हणाला. गेवराईत एका दुकानदाराने मशीन न उघडताच ‘आता नवीनच घ्या’ म्हणून सांगितलं आणि दादा घरातला कापूस विकायच्या तयारीला लागला. सप्टेंबर 2025च्या पावसाने मराठवाड्यात कापसाची काय गत केली ते तू डोळ्यांनी पाहिलं आहेस. त्यातून वाचून घरात आलेला माल एका दुकानदाराच्या शब्दावर घाईने काढायचा, हे मला मुळीच पटलेलं नाही. वहिनीलाही पटलं नसणार. फोनवर सगळं लक्षात राहायचं नाही म्हणून लिहिते आहे, म्हणजे तुला मशीनजवळ बसून एकेक करता येईल.

मशीन स्लो होतं त्याची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येक कारणाचा खर्चही वेगळा असतो. ते आधी शोधायचं आणि मग पैशाचं बोलायचं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तिन्ही बटणं एकदम दाब. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’मध्ये सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे आलेख दिसतील. मशीन अगदी अडून बसलेलं असेल त्या वेळी ते बघ; निवांत चालत असताना बघून काही कळत नाही. सीपीयू वीस-तीस टक्क्यांवर आणि डिस्क सारखी 100 टक्क्यांवर दिसली, तर दुखणं हार्ड डिस्कचं आहे. तुमच्याकडे हेच निघेल असं मला वाटतं.

तुमची डिस्क फिरणाऱ्या तबकडीची आहे. ती मिनिटाला 7200 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 120. ऐकायला हे फार वाटतं, पण एखादी फाइल वाचायची तर डिस्कचा हात आधी त्या जागेवर सरकायला हवा, मग तबकडीचा तो भाग फिरत त्याच्याखाली यायला हवा. या दोन्हींत मिळून सेकंदाचा साधारण ऐंशीवा भाग जातो. मोठा सिनेमा सलग वाचायचा असेल तर हे जाणवत नाही. विंडोज चालू होताना मात्र हजारो बारीक फाइली डिस्कभर विखुरलेल्या असतात आणि दर वेळी हात सरकवावा लागतो. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे ती असल्या बारीक फाइली सेकंदाला हजारोंनी वाचते. प्रोसेसर तोच, बोर्ड तोच, तरी मशीन बदलल्यासारखं वाटतं ते यामुळे. आमच्या कॉलेजच्या लॅबमधली जुनी मशीनं याच एका बदलावर पुढे चालली आहेत.

दुसरी शंका रॅमची. 4 जीबी रॅम आज ब्राउझरच्या पाच-सहा टॅबमध्येच भरून जाते, आणि ती भरली की विंडोज उरलेला भार डिस्कवर टाकतं. म्हणजे डिस्कचा दोष कधी कधी मुळात रॅमचा असतो. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक केलंस की ‘स्लॉट्स यूज्ड’ दिसेल. तिथे दोनपैकी एक असं असेल तर 4 जीबीची अजून एक पट्टी बसते. तुमच्या चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरला डीडीआर-3 लागते. डीडीआर-4 त्या खाचेत बसणारच नाही. ऑक्टोबर 2025पासून रॅमचे भाव चढायला लागले आहेत, म्हणून जुन्या मशीनमधून काढलेली, चालवून दाखवलेली पट्टी घेतलीस तरी चालेल. घेण्याआधी विंडोज 64 बिटचं आहे ना ते सिस्टीमच्या पानावर बघून घे. 32 बिटचं असेल तर 4 जीबीच्या वरची रॅम त्याला वापरताच येत नाही आणि पट्टीचे पैसे वाया जातात.

आता कापसाकडे येते. भाव येईपर्यंत आपल्याकडे कापूस घरातच रचून ठेवतात आणि तुझा कॉम्प्युटर त्याच खोलीत आहे. त्याचे तंतू हवेत उडतात आणि कॅबिनेटचा पंखा ते आत ओढतो. प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनियमच्या पाकळ्यांमध्ये धूळ आणि तंतू मिळून नमद्यासारखा थर धरतो. हवा अडली की प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. चालू केल्यावर पहिली दहा मिनिटं बरा आणि मग मंद होत जातो, असं होत असेल तर हेच कारण. वायर काढ, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेव म्हणजे आत साठलेली वीज निघून जाईल, मग कॅबिनेट अंगणात नेऊन झाकण उघड. मऊ ब्रश घे; ओलं फडकं लावू नकोस. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेव, ब्लोअरच्या हवेने ते गरागरा फिरता कामा नये. याला एक रुपयाही लागत नाही, म्हणून पैसे घालण्याआधी हे कर. आणि कापूस असेपर्यंत मशीन दुसऱ्या खोलीत हलव.

झाकण उघडंच आहे तर बोर्डही बघून घे. प्रोसेसरच्या आजूबाजूला लहान डब्यांसारखे कपॅसिटर उभे असतात. त्यांची डोकी सपाट हवीत. ती फुगली असतील किंवा वर तपकिरी खपली दिसत असेल, तर थांब. त्या बोर्डवर एक पैसाही घालायचा नाही, तिथे दुकानदार बरोबर होता असं मीच दादाला सांगेन. मशीन मध्येच बंद पडत असेल तर मात्र एवढ्यावरून बोर्ड गेला असं धरू नकोस. संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हाच असं होतं का बघ. यूपीएसची बॅटरी संपलेली असली तरी हेच होतं. तारीख दर वेळी मागे जात असेल तर बोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर-2032, गेलेला असतो. तारीख चुकली की बँकेच्या साइट उघडत नाहीत आणि लोक नेटला दोष देतात. नेटचंही तपास. तेच पान मोबाइलवर तितकंच रखडत असेल, तर नव्या कॉम्प्युटरने काही फरक पडणार नाही.

एक अडचण मात्र खरी आहे. विंडोज 10चा आधार मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवला आणि विंडोज 11 तुमच्या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही. इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासून पुढे ते चालतं. दुकानदार कसलीशी युक्ती करून टाकून देतो म्हणेल, त्याला नको म्हण. विंडोज 10लाच सुरक्षेची अपडेट 13 ऑक्टोबर 2026पर्यंत मिळवता येतात. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन-इन करून सेटिंग्ज सिंक केल्यास त्यासाठी पैसे पडत नाहीत. अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसेल, तो आजच दाब. त्या तारखेनंतर दादाचे बँकेचे व्यवहार या विंडोजवर करायचे नाहीत. लिनक्स मिंट फुकट आहे, जुन्या मशीनवर चांगलं चालतं आणि त्यात मराठी कीबोर्डही आहे, पण तुझ्या टायपिंगच्या क्लासचं सॉफ्टवेअर विंडोजचं आहे. परीक्षा होईपर्यंत त्या वाटेला जाऊ नकोस.

तुला आत्ता लागतं तरी काय? लिपिक-टंकलेखकासाठी मराठीत मिनिटाला 30 शब्द. एवढं टाइप करायला वीस वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटरही पुरतो. अडतोय तुझा कीबोर्ड. दादा सांगत होता की त्याच्या दोन कळा दाबल्यावर वर येत नाहीत. तो आधी बदल. रोजच्या सरावात त्याचा जेवढा फायदा होईल तेवढा नव्या प्रोसेसरचा होणार नाही. जूनमध्ये बीसीएला प्रवेश मिळाला तर लॅपटॉप लागेलच, तेव्हा मी स्वतः बरोबर येईन. आज नवा डेस्कटॉप घेतलास तर जूनमध्ये दादाला पुन्हा पैसे उभे करावे लागतील, आणि डेस्कटॉप काही होस्टेलवर नेता येणार नाही.

म्हणून बोर्ड धड असेल तर 256 जीबीची सॅटा एसएसडी आणि मिळाली तर रॅमची पट्टी, एवढंच. एसएसडी वाया जात नाही. पुढे मशीन मोडीत निघालं तर तीच केसमध्ये घालून लॅपटॉपला बाहेरून जोडता येते. मी दादाला हेच सांगणार आहे की जुन्या मशीनवर तीन-साडेतीन हजारांच्या वर जायचं नाही. त्याहून पुढे खर्च निघाला तर हात आखडायचा आणि कंपन्यांनी बदलून टाकलेलं, आठव्या पिढीचं किंवा त्यापुढचं जुनं मशीन बघायचं.

कशालाही हात लावण्याआधी सगळं कॉपी करून घे. पीकविम्याच्या पावत्या, सातबारा, तुझी सर्टिफिकेटं आणि आईचे, तुझ्या आजीचे, फोटो. ते फोटो दुसरीकडे कुठेच नाहीत, सोनू. पेनड्राइव्हवर घे आणि गूगल ड्राइव्हवरही टाक. मग क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर चालव. हार्ड डिस्कसमोर ‘गुड’च्या ऐवजी पिवळ्यात ‘कॉशन’ आलं, तर ती केव्हाही बसू शकते. मग त्या दिवशी दुसरं काहीही न करता फक्त कॉपीच कर. एसएसडी बसवल्यावर जुन्या डिस्कवरून उचलून टाकण्यापेक्षा विंडोज नव्याने टाकायला सांग. लायसन्स बोर्डशी जोडलेलं असतं, नेट लागलं की ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं, त्यासाठी वेगळे पैसे द्यायचे नाहीत. दुकानात मशीन सोडून येऊ नकोस, दादाबरोबर समोर बस. पक्कं बिल घे, एसएसडीवर बहुधा 3 वर्षांची वॉरंटी असते ती बिलाशिवाय मिळत नाही. आणि काढलेली हार्ड डिस्क मागून घे. तिच्यावर आपल्या घरातले आधार आणि पासबुकं आहेत.

रविवारी सफाई कर आणि मशीन अडलेलं असताना टास्क मॅनेजरचा एक फोटो, बोर्डचा एक फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठव. ते पाहिल्याशिवाय दादाने कापसाला हात लावायचा नाही, असं त्याला माझं नाव घेऊन सांग.

तुझी,
आत्या