येत असूनहि गेलेले गुण



परीक्षा जवळ आली म्हणजे घरोघरीं एकच उपदेश कानीं पडतो : "वाच, पुन्हां वाच." उपदेश वाईट नाहीं, परंतु तो अपुरा आहे, आणि त्या अपुरेपणाची किंमत किती पडते हें मीं प्रत्यक्ष पाहिलें आहे.

आमच्या आठवीच्या वर्गांतील एक विद्यार्थिनी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीच्या परीक्षेस बसली होती. ज्या पालकांचें वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांहून अधिक नाहीं, त्यांच्या मुलांकरितां ही परीक्षा आहे. निवड झाल्यास नववीपासून बारावीपर्यंत प्रतिवर्षीं १२,००० रुपये मिळतात. म्हणजे चार वर्षांत ४८,०००. मुलीचे वडील गवंड्याच्या हाताखालीं काम करीत. त्या घरीं ही रक्कम म्हणजे काय, हें निराळें सांगावयास नको. परीक्षेंत बौद्धिक क्षमता व शालेय क्षमता अशा दोन चाचण्या असतात. प्रत्येकींत ९० प्रश्न आणि ९० मिनिटें. मुलगी हुशार होती. दुसऱ्या चाचणींत ५३ वा प्रश्न तिला अडला. तो नंतर पाहूं म्हणून तिनें सोडला, आणि ५४ व्या प्रश्नाचें उत्तर नकळत ५३ व्या ओळींतील वर्तुळांत भरलें. पुढील प्रत्येक उत्तर एकेक ओळ वर सरकलें. शेवटचें उत्तर भरल्यावर ९० वी ओळ रिकामी राहिली, तेव्हां कोठें चूक तिच्या ध्यानीं आली. परंतु पेनानें भरलेलें वर्तुळ पुसतां येत नाहीं. तिची निवड झाली नाहीं. ही परीक्षा आठवींतच देतां येते, त्यामुळें पुढील वर्षाची आशाहि तिला नव्हती.

दोष तिचा म्हणावा असें मला वाटत नाहीं. तो माझा होता. वर्षभर मीं तिला विषय शिकविले. परंतु तसा वर्तुळांचा कागद पुढें ठेवून, घड्याळ लावून, एकदांहि बसविलें नाहीं. काठावर उभें राहून पोहणें शिकविण्यासारखाच हा प्रकार झाला.

तेव्हांपासून दर शनिवारीं शाळा सुटल्यावर आठवीचीं मुलें माझ्यासमोर अशीं बसतात. सोडलेल्या प्रश्नाची खूण प्रश्नपत्रिकेवर करावी, उत्तराच्या कागदावर करूं नये. दर दहा प्रश्नांनंतर प्रश्नाचा आकडा व ओळीचा आकडा बोट ठेवून ताडून पाहावा. या परीक्षेंत चुकीच्या उत्तरास गुण कापीत नाहींत, म्हणून शेवटच्या पांच मिनिटांत एकहि ओळ रिकामी ठेवूं नये. मात्र जेथें गुण कापतात तेथें हीच संवय घातक होईल. यास्तव सूचना आधीं वाचाव्या. सूचना वाचण्याचा मुलांना भारी कंटाळा! जणूं त्या दुसऱ्याच कोणासाठीं छापलेल्या असतात.

लेखी परीक्षेंतील हानि निराळ्या प्रकारची असते. सहामाहींत "पितळेच्या भांड्यांना कल्हई करतात; कारण लिहा" असा प्रश्न मीं दिला होता. एका मुलानें पाऊण पान लिहिलें : कल्हईवाला दारीं कसा येतो, भाता कसा चालवितो, नवसागर टाकतांच पांढरा धूर कसा उठतो, कथील भांड्यावर कसें पसरतात. वर्णन इतकें हुबेहूब कीं मला माझ्या आजीचें अंगण आठवलें. परंतु आंबट पदार्थांतील आम्लाची पितळेंतील तांब्यावर क्रिया होऊन अपायकारक क्षार तयार होतात आणि कथलाचा थर ती क्रिया होऊं देत नाहीं, एवढें एक वाक्य मात्र त्यांत नव्हतें. वर्गांत विचारलें, तेव्हां तेंच वाक्य त्यानें तोंडीं तत्काळ सांगितलें! त्याला येत होतें. विचारलें काय आहे, तेवढें त्यानें पाहिलें नव्हतें. म्हणून लिहिण्यापूर्वीं प्रश्नांतील आज्ञेच्या शब्दाखालीं रेघ ओढावी : कारण लिहा, फरक सांगा, नांवें द्या. "चुकीचें विधान ओळखा" या प्रश्नावर तर निम्मा वर्ग घसरतो. पहिलें खरें विधान दिसतांच तेंच निवडून मोकळा होतो.

आतां वाचनाविषयीं. अमेरिकेंतील वॉशिंग्टन विद्यापीठाचे रोडिगर व कार्पिके यांनीं २००६ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना उतारा वाचावयास दिला. नंतर कांहींनीं तो पुन्हां वाचला. कांहींनीं तो न पाहतां, आठवेल तितका लिहून काढला. पांच मिनिटांनीं परीक्षा घेतली तेव्हां पुन्हां वाचणारे पुढें होते : त्यांना ८१ टक्के आठवलें, इतरांना ७५. परंतु ज्यांची परीक्षा आठवड्यानें घेतली, त्यांच्यांत पारडें फिरलें. आठवून लिहिणारांना ५६ टक्के आठवलें, पुन्हां वाचणारांना ४२. रात्रीं धडा चारदां वाचून "सर्व आलें" असें वाटतें तें याचमुळें, आणि तें वाटणें परीक्षेपर्यंत टिकत नाहीं तेंहि याचमुळें.

पालकहो, यांत आपणांस पुष्कळ करतां येण्यासारखें आहे. ज्या मातेला अक्षरओळख नाहीं, तिनें भाकरी थापतां थापतां पुस्तक मिटवून मुलाला धडा सांगावयास लावावा. तो कोठें अडखळतो हें समजावयास वाचतां यावें लागत नाहीं. तपासलेला पेपर घरीं येतो, तेव्हां बहुधा गुणांचा आकडा पाहून, रागावून किंवा पाठ थोपटून, तो ठेवून दिला जातो. त्याऐवजीं मुलाला जवळ बसवून प्रत्येक चुकीपुढें विचारावें : हें येत नव्हतें, प्रश्न नीट वाचला नाहींस, कीं वेळ पुरला नाहीं? पहिल्या प्रकारच्या चुकीला अभ्यास हवा. उरलेल्या दोहोंना निव्वळ अधिक वाचनाचा उपयोग नाहीं. आणि हें रागावून विचारूं नये, नाहीं तर मूल खरें कारण सांगणार नाहीं.

ती विद्यार्थिनी आतां अकरावींत आहे. तिचा धाकटा भाऊ यंदा आमच्याकडे आठवींत आला. रात्रीं जेवणें उरकलीं कीं ती त्याच्यापुढें घड्याळ व वर्तुळांचा कागद ठेवते, आणि दर दहा प्रश्नांनीं "आकडा पाहिलास का रे?" म्हणून विचारते, असें त्यांच्या मातोश्री परवां सांगत होत्या.