रंग, बोधचिन्ह आणि आपलेपणा

प्रस्तावना

जबलपूरच्या मदन महल भागात प्रचंड शिळांच्या टेकडीवर एक छोटी, जुनी वास्तू उभी आहे. गोंड राजा मदनशाह याच्या नावाने ती ओळखली जाते आणि परिसरालाही तिचेच नाव मिळाले आहे. गोंडांचे दुसरे राज्य चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला होते. चंद्रपूरच्या परकोटाच्या दरवाजांवर हत्तीवर मात करणारा सिंह कोरलेला आहे. ज्याला एकही अक्षर वाचता येत नव्हते, त्या वाटसरूलाही ते शिल्प पाहून आपण कोणाच्या राज्यात प्रवेश करीत आहोत हे कळत असे.

राजवटी गेल्या, परंतु चिन्हाची ही शक्ती गेली नाही. आज ती खेळाच्या मैदानावर ठळकपणे दिसते. संघाचा गणवेश बदलला किंवा त्याचे बोधचिन्ह बदलले, की चाहत्यांमध्ये कडाक्याचे वाद होतात. हे वाद केवळ कापडाचे असतात का? या पाठात आपण त्याचा विचार करणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
- संघाचा रंग व बोधचिन्ह यांचे कार्य सांगता येईल;
- वादातील वस्तुस्थिती, परंपरा आणि आवड हे मुद्दे वेगळे करता येतील;
- मतभेदाच्या विषयावर आपले मत कारणांसह मांडता येईल.

मूळ पाठ

१. गणवेशाची गरज

गणवेशाचे पहिले प्रयोजन अगदी साधे आहे. फुटबॉलमध्ये दोन्ही बाजूंचे मिळून बावीस खेळाडू एकाच वेळी धावत असतात. आपला सहकारी कोण आणि प्रतिस्पर्धी कोण हे खेळाडूला क्षणार्धात ओळखावे लागते. म्हणून दोन्ही संघांचे रंग एकमेकांपासून आणि पंचांच्या पोशाखापासून वेगळे असले पाहिजेत, असा खेळाचा नियमच आहे. गोलरक्षकाचा रंग तर आपल्याच संघातील इतरांपेक्षाही निराळा असतो, कारण चेंडूला हात लावण्याची मुभा त्याला एकट्यालाच असते.

दोन संघांचे रंग सारखे असतील तर एकाला आपला नेहमीचा रंग बाजूला ठेवावा लागतो. 2019 सालच्या क्रिकेट विश्वचषकात असेच घडले. भारत आणि इंग्लंड या दोन्ही संघांचा पोशाख निळा होता. यजमान या नात्याने इंग्लंडचा रंग कायम राहिला आणि 30 जून रोजी बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टन मैदानावर भारतीय संघ नारिंगी व गडद निळ्या पोशाखात उतरला. कारण व्यवहाराचे होते. परंतु देशात वादाला तोंड फुटले. नारिंगी रंगामागे राजकीय हेतू आहे, असा आक्षेप काहींनी घेतला. भारत तो सामना 31 धावांनी हरला, तेव्हा पराभवाचे खापर पोशाखावर फोडणारेही निघाले. रंग का बदलला, या प्रश्नाचे उत्तर नियमात होते. तो कसा वाटला, याचे उत्तर मात्र प्रत्येकाच्या मनात वेगळे होते. हे दोन प्रश्न एकत्र मिसळले की वाद वाढतो आणि उलगडा होत नाही.

२. रंग कोणाचा?

कोलकात्याचा मोहन बागान हा क्लब 1889 साली स्थापन झाला. 29 जुलै 1911 रोजी या संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या संघाला 2-1 असे हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली. बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते आणि समोर राज्यकर्त्यांचा संघ होता. त्या दिवसापासून हिरवा आणि तपकिरी-लाल हे रंग बंगालमधील असंख्य घरांत अभिमानाचे रंग झाले. पुढे 1920 साली ईस्ट बंगाल क्लब निघाला. त्याचे रंग लाल आणि सोनेरी. कोणता रंग आपला, हे तेथे बहुधा घराण्यावरून ठरते.

2020 साली मोहन बागानच्या फुटबॉल संघात एका उद्योगसमूहाने मोठा हिस्सा घेतला. त्या समूहाचा 'ए.टी.के.' नावाचा संघ आधीपासून होता. दोन्ही एकत्र झाल्यावर हिरवा-तपकिरी रंग आणि शिडाच्या नौकेचे बोधचिन्ह कायम ठेवले गेले. परंतु नावाच्या आरंभी 'ए.टी.के.' ही अक्षरे आली. चाहत्यांना ते मानवले नाही. ती अक्षरे काढा, ही मागणी त्यांनी लावून धरली. 18 मार्च 2023 रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर संघाने इंडियन सुपर लीगचे विजेतेपद मिळवले, त्याच वेळी ती अक्षरे काढण्याची घोषणा मालकांनी केली. 1 जून 2023 पासून संघ 'मोहन बागान सुपर जायंट' या नावाने ओळखला जाऊ लागला.

ब्रिटनमधील वेल्स प्रांतातल्या कार्डिफ सिटी या संघाची कथाही अशीच आहे. त्याचा रंग निळा आणि चिन्ह निळा पक्षी. 2012 साली मालकांनी पोशाख लाल केला आणि बोधचिन्हात ड्रॅगनला प्रमुख स्थान दिले. आशियातील बाजारपेठेत लाल रंग अधिक चालेल, असा त्यांचा हिशोब होता. लाल पोशाखातच संघाने 2013 साली सर्वोच्च श्रेणीत प्रवेश मिळवला. तरीही चाहत्यांचा विरोध शमला नाही आणि जानेवारी 2015 मध्ये निळा रंग परत आला.

येथे दोन्ही बाजूंचे म्हणणे समजून घेतले पाहिजे. मालक पैसा घालतात; खेळाडूंचे वेतन, मैदान, प्रवास यांचा भार उचलतात. त्यांना निर्णयाचा अधिकार नसावा, असे म्हणता येणार नाही. दुसरीकडे, मालक बदलतात, खेळाडू निवृत्त होतात, प्रशिक्षक येतात आणि जातात. चाहता मात्र तोच राहतो आणि आपला रंग मुलांच्या हाती सोपवून जातो. कागदोपत्री मालकी एकाची असते, ममत्व दुसऱ्याचे असते. विजय मिळाला म्हणजे हे ममत्व विकत घेता येते असे नाही, हे कार्डिफच्या अनुभवावरून दिसते.

महाराष्ट्रात हे ममत्व पाहायचे असेल तर कोल्हापूरला जावे. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा या तेथील फुटबॉल संघांच्या नावांत आजही 'तालीम मंडळ' हे शब्द आहेत. कुस्तीच्या आखाड्यांशी नाते सांगणारी ही मंडळे पेठांची अस्मिता घेऊन राजर्षी शाहू स्टेडियमवर उतरतात. परंतु याच प्रेमापोटी प्रेक्षकांत हाणामारीचे प्रसंगही घडले आहेत. आपला रंग प्रिय असणे वेगळे आणि दुसऱ्याचा रंग डोळ्यांत खुपणे वेगळे.

३. चिन्ह कोणी निवडले?

अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलचे वेड मोठे आहे. हा खेळ आपल्या फुटबॉलहून निराळा. अंडाकृती चेंडू हातात घेऊन तो खेळतात. तेथील महाविद्यालयांचे रंग आणि चिन्हे यांवर माजी विद्यार्थीही हिरिरीने वाद घालतात. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संघांचे प्रतीक एकेकाळी 'इंडियन', म्हणजे अमेरिकेचा मूळ निवासी, हे होते. विद्यापीठात शिकणाऱ्या आदिवासी विद्यार्थ्यांनी त्याला हरकत घेतली. आमची जमात ही कोणाच्या करमणुकीची वस्तू नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. 1972 साली विद्यापीठाने ते प्रतीक सोडून दिले. आज तेथील संघ 'कार्डिनल' या नावाने ओळखले जातात. ते एका लाल रंगाचे नाव आहे.

जुन्या प्रतीकाच्या समर्थकांना ते सन्मानाचे वाटत होते. परंतु सन्मान होतो आहे की नाही, हे ज्याचा सन्मान करायचा त्यालाच विचारावे लागते. चांद्याच्या दरवाजावरचा सिंह गोंड राजांनी स्वतः निवडला होता. स्टॅनफर्डच्या प्रतीकात मात्र एका समाजाचे चित्र दुसऱ्यांनी काढले होते. चिन्ह जुने आहे की नवे, देखणे आहे की ओबडधोबड, या प्रश्नांपेक्षा ते कोणी निवडले हा प्रश्न येथे अधिक महत्त्वाचा ठरतो.

४. न दिसलेले चिन्ह

हॉकीपटू रूपसिंह यांचा जन्म 1908 साली जबलपूर येथे झाला. ते मेजर ध्यानचंद यांचे धाकटे बंधू. 15 ऑगस्ट 1936 रोजी बर्लिन ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात हे दोघे बंधू जर्मनीविरुद्ध खेळले. तेव्हा देश परतंत्र होता. अधिकृत ध्वजही इंग्रजी राजवटीचाच होता. सामन्यापूर्वी कपडे बदलण्याच्या खोलीत संघाचे व्यवस्थापन पाहणारे पंकज गुप्ता यांनी काँग्रेसचा तिरंगा बाहेर काढला. खेळाडूंनी त्याला वंदन केले आणि ते मैदानात उतरले. भारताने तो सामना 8-1 असा जिंकला.

हजारो प्रेक्षकांपैकी कोणालाही तो तिरंगा दिसला नाही. खेळाडूंच्या पोशाखावर तो नव्हता आणि मैदानावरही फडकत नव्हता. तरी आपण कोणासाठी खेळत आहोत, हे त्या अकरा जणांना ठाऊक होते. चिन्हाचे खरे स्थान कोठे असते, याचे उत्तर या प्रसंगात आहे.

५. वाद कसा घालावा?

एखाद्या संघाच्या पोशाखावर चर्चा रंगली की तीन प्रश्न वेगळे करावेत. बदल कोणत्या कारणाने झाला? हा वस्तुस्थितीचा प्रश्न. तो माहितीने सुटतो. त्या बदलाने कोणाचे नाते दुखावले किंवा कोणाचा मान राखला गेला? हा परंपरेचा आणि न्यायाचा प्रश्न. तो परस्परांचे ऐकून घेतल्याने सुटतो. रंग चांगला दिसतो का? हा आवडीचा प्रश्न. तो सुटत नाही आणि सुटण्याची गरजही नाही. वाद संपल्यावर दोघांनाही एकाच बाकावर बसून सामना पाहता आला पाहिजे.

शब्दार्थ

परकोट – शहराभोवतीचा तट
प्रयोजन – हेतू, उद्देश
खापर फोडणे – दोष दुसऱ्याच्या माथी मारणे
ममत्व – आपलेपणाची भावना
अस्मिता – स्वत्वाची जाणीव
हिरिरीने – मोठ्या आवेशाने

आपली प्रगती तपासा

1. गोलरक्षकाचा पोशाख निराळा का असतो?
2. चूक की बरोबर ते सांगा : लाल पोशाखात यश मिळाल्यामुळे कार्डिफच्या चाहत्यांचा विरोध संपला.
3. चंद्रपूरचा सिंह आणि स्टॅनफर्डचे जुने प्रतीक यांत लेखकाने कोणता फरक दाखवला आहे?

स्वाध्याय

1. 'कागदोपत्री मालकी एकाची असते, ममत्व दुसऱ्याचे असते' या विधानाचा अर्थ पाठातील उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
2. तुमच्या गावातील मंडळ, शाळा किंवा कारखाना यांचे बोधचिन्ह पाहा. ते कोणी निवडले, का निवडले याची चौकशी करून दहा ओळी लिहा.
3. तुमच्या परिसरातील संघाचा रंग बदलण्याचा प्रस्ताव आला आहे, असे समजा. प्रस्तावाच्या बाजूने आणि विरोधात प्रत्येकी तीन मुद्दे लिहा. नंतर आपले मत कारणांसह मांडा.