केबल चालू असतानाच शेतीचा कार्यक्रम साठवून ठेवूया



सह्याद्री वाहिनीवर ‘आमची माती, आमची माणसं’ लागतं, तेव्हा आपण धारेला नाहीतर चुलीपाशी असतो. घरात केबलवर मालिका चालू. द्राक्षावरची भुरी, हळदीची कंदकूज यांवर तज्ज्ञ बोलून जातात, आपल्याला पत्ताच नाही. मग दुकानदार देईल ते औषध! यावर उपाय आहे.

फ्री डिश म्हणजे काय?
दूरदर्शनची ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. महिन्याचं भाडं नाही. डिश आणि बॉक्सचा साधारण २,००० रुपये खर्च एकदाच येतो. सह्याद्री आणि डीडी किसान दोन्ही यावर दिसतात.

जोडणी
१. सातारा-सांगलीतून डिशचं तोंड आग्नेयेला, वर आकाशाकडे येतं. त्या बाजूला झाड किंवा भिंत आड नको.
२. टीव्हीच्या मागं एचडीएमआय आणि तीन रंगांचं एव्ही अशी वेगळी तोंडं असतात. एकाला केबलचा बॉक्स, दुसऱ्याला फ्री डिशचा.
३. टीव्हीच्या रिमोटवरचं ‘सोर्स’ बटण दाबून हवा तो बॉक्स निवडायचा.
४. केबलची आणि डिशची वायर एकत्र जोडायची नाही.

रेकॉर्डिंग
यूएसबीचं तोंड आणि रेकॉर्डिंगची सोय असलेलाच बॉक्स घ्या. काही बॉक्सचं रेकॉर्डिंग फक्त त्याच बॉक्सवर दिसतं. म्हणून दुकानातच पेनड्राइव्ह लावून खात्री करा. तासाला साधारण एक-दोन जीबी जागा लागते, म्हणजे १६ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो.

वाहिनी लावून रेकॉर्डचं बटण दाबा आणि टीव्ही परत केबलवर न्या. घरचे मालिका बघतील, इकडं कार्यक्रम साठत राहील. टीव्ही बंद केला तरी चालतं, पण फ्री डिशचा बॉक्स चालू हवा. रेकॉर्डिंग होईपर्यंत त्या बॉक्सची वाहिनी बदलू नका. लाइट गेली तर मात्र रेकॉर्डिंग तिथंच थांबतं.

गटात करून बघा
प्रत्येकीनं बॉक्स घ्यायची गरज नाही. गटातल्या एकीकडं असला तरी बैठकीला तिच्या घरी जमता येईल. औषधाचं नाव, प्रमाण, फवारणीची वेळ सांगतात तिथं थांबवा, मागं घ्या, पुन्हा ऐका आणि वहीत लिहा. दुकानात जाताना ती वही हातात असू द्या.